गिलजा अक्कांची हजेरी

मुगोकमध्ये चाळिशी उलटलेल्या माणसाने करायचं काय, हा प्रश्न गावातल्या कॉलेजइतकाच जुना होता. पोरांना सगळं होतं: कॉफीची दुकानं, बिलियर्डचे अड्डे, माइक घेऊन गाणी म्हणायच्या खोल्या, तळलेल्या कोंबडीची हॉटेलं. पण त्यातल्या कुठल्याही ठिकाणी पन्नाशीचं माणूस शिरलं, की आतली पोरं ‘कुणाची आई आली’ अशा नजरेने दाराकडे बघायची. मोठ्यांसाठी उरायची टेकडी, सार्वजनिक न्हाणीघर आणि रविवारचं चर्च. टेकडीसुद्धा एवढीशी, की दम लागायच्या आत संपायची. जूनच्या शेवटी सुट्टी लागून पोरं घरोघरी गेली, की मुख्य रस्ता भर दुपारी झोपून जायचा आणि मोठी माणसं एकमेकांची तोंडं बघत बसायची.

म्हणून विद्यापीठाने मागच्या फाटकाजवळच्या जुन्या इमारतीत आजीवन शिक्षण केंद्र उघडलं, तेव्हा गाव त्यावर तुटून पडलं. ब्रशने अक्षरं काढायचा वर्ग, कुंडीतल्या झाडांचा वर्ग, ओळीने उभं राहून नाचायचा वर्ग. हार्मोनिकाचा वर्ग सगळ्यांत शेवटी निघाला आणि त्याला आठच माणसं मिळाली. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार, खोली क्रमांक दोनशे तीन. शिकवायला निवृत्त संगीतशिक्षक बांग सर. त्यांना कानाने जरा कमी ऐकू यायचं, आणि म्हणूनच ते टिकले, असं गावात सगळे म्हणत.

नामसुक या वर्गाची मॉनिटर. वय एकसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मागच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान. तीस वर्षं पोरांचे प्रबंध बांधून तिला एक खोड लागली होती: कुठलाही कागद अपुरा दिसला, की तिचा हात शिवशिवायचा. मॉनिटरचं काम म्हणजे कॉफीचं पाणी तापवायचं, खुर्च्या मांडायच्या, आणि हजेरीचा कागद सगळ्यांपुढून फिरवून खालच्या ऑफिसात दाखवून आणायचा. कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे पंधरा गुरुवारांचे पंधरा चौकोन होते. चौकोनात ज्याने त्याने स्वतः सही करायची.

या हजेरीला केंद्राने नाही नाही ती शेपटं जोडली होती. तीनदा आठाच्या खाली सह्या भरल्या, की पुढच्या सत्रात वर्ग बंद. शिवाय वर्गात जी म्हातारी माणसं एकटी राहायची, त्यांच्या मुलाबाळांना सही झाल्यावर मोबाइलवर मेसेज जायचा: ‘आज आपल्या आई वर्गाला उपस्थित होत्या.’ आणि दोन गुरुवार ओळीने सही पडली नाही, तर ऑफिसातून घरी फोन, मुलांना फोन, वॉर्डाच्या प्रमुखाला निरोप. चांगलीच सोय होती ती. सत्राच्या सुरुवातीला गिलजा अक्कांचा या मेसेजचा फॉर्म नामसुकनेच भरून दिला होता.

गिलजा अक्का वर्गात सगळ्यांत वडील, अठ्ठ्याहत्तरच्या. देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर. चाळीस वर्षं त्या घरात पोरं जेवून-खाऊन राहायची. एकेका वेळी अकरा-अकरा पोरं, पहाटे पाचला भाताचं भांडं चुलीवर. हल्ली पोरांना स्वतंत्र खोल्या लागतात, कुणाच्या आईच्या हातचा रस्सा नको असतो. शेवटचा पोरगा गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलगी हेरिम लग्न होऊन दूर उल्सानला. अक्कांची शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे हजेरीच्या कागदाचं त्यांना भारी अप्रूप. पेन घट्ट धरून त्या आपल्या नावाची ‘गिल’ आणि ‘जा’ अशी दोन अक्षरं काढायच्या, एवढाली, की चौकोनाच्या चारी बाजूंनी बाहेर यायची.

“चार प्रोफेसर माझ्या हातचं जेवून गेले,” त्या दर गुरुवारी म्हणायच्या, “आणि आता मीसुद्धा विद्यापीठात सही करते.”

दर गुरुवारी हे ऐकून नामसुकचे कान किटले होते.

वर्गाचा स्वतःचाही एक रिवाज होता, केंद्राच्या नियमांत नसलेला. दोन गुरुवार कुणी आलं नाही, की तिसऱ्या गुरुवारी वर्ग खोलीत भरायचा नाही. सगळे हार्मोनिका घेऊन त्या माणसाच्या दारात जायचे आणि तो हसेपर्यंत वाजवत राहायचे. याला ते ‘वरात’ म्हणायचे. पिलसू हार्डवेअरवाल्याची कंबर धरली होती तेव्हा त्याच्या दुकानापुढे निघाली होती. तो खिळ्यांच्या पोत्यावर पालथा पडून हसला आणि कंबर आणखी दुखली म्हणून सगळ्यांना शिव्या घातल्या. घरच्याने मग सगळ्यांना काहीतरी थंड-गरम पाजायचं, अशी पद्धत.

आता मेमधला तो गुरुवार. सत्राचा अकरावा. प्रबंध द्यायची मुदत जवळ आलेली, दुकानात झुंबड, बाइंडिंगच्या मशीनने सकाळपासून दोनदा दगा दिलेला, आणि नामसुक तशीच धापा टाकत वर्गावर आलेली. अक्कांची एक सवय होती. गाणं संपलं तरी त्यांचा शेवटचा सूर संपायचा नाही. सगळे थांबून ओठ पुसायचे आणि अक्का डोळे मिटून एकट्याच फुंकत राहायच्या. त्या दिवशीही तेच झालं.

“अक्का,” नामसुक म्हणाली, “गाणं संपलं. तुमच्या खानावळीसारखंच आहे हे. सगळे उठून गेले, तरी तुमचं आपलं चालूच.”

वर्ग हसला. पिलसू तर मांडीवर थाप मारून हसला. बांग सरांना ऐकू आलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तेही हसले. अक्कासुद्धा हसल्या. मग त्यांनी हार्मोनिका पदराएवढ्या पिवळ्या फडक्याने पुसली, डबीत ठेवली, डबीची कडी लावली. बोलल्यावर नामसुकच्या लगेच लक्षात आलं, की हे लागलं. पण माफी मागायची तर सगळ्यांदेखत मागावी लागली असती, आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

पुढच्या गुरुवारी अक्का आल्या नाहीत.

कागद फिरून नामसुककडे आला तेव्हा त्यावर सात सह्या होत्या.

“आता हो, मॉनिटरबाई?” पिलसू म्हणाला. “वर्ग बुडवता का आपला? मग गुरुवारी मी बायकोच्या तोंडाकडे बघत बसायचं का?”

“तुझ्या बायकोचा विचार कर की जरा,” न्हाणीघरवाली चुनिम म्हणाली. “ती बिचारी या दोन तासांवर जगते.”

नामसुकने पेन डाव्या हातात घेतलं आणि अक्कांच्या चौकोनात दोन मोठी, वाकडी अक्षरं काढली. चौकोनाच्या बाहेर जातील याची काळजी घेतली. पिलसू वाकून बघत म्हणाला, “वा, अगदी अक्का उतरल्या कागदावर.” सगळे पुन्हा हसले. त्यापुढच्या गुरुवारीही अक्का आल्या नाहीत आणि त्यांची सही झाली. या वेळी कुणी फारसं हसलं नाही, सवयीचंच झालं होतं ते.

चौदाव्या गुरुवारी चुनिम हार्मोनिका हातात घेऊन दारातच उभी राहिली. “आज वरात ना? दोन झाले.”

“नको,” नामसुक म्हणाली.

“का गं?”

“अगं, आजारी-बिजारी काही नाहीत त्या. माझ्यावर रुसल्यात. आत्ता गेलो तर डोक्यावर बसतील, मग प्रत्येक गुरुवारी समजूत काढायला जावं लागेल. मी बोलले, मीच बघते.”

“कधी बघणार?”

“बघते म्हटलं ना.”

आणि तिने सही केली. तिसऱ्या खेपेला डावा हातही लागला नाही.

त्या संध्याकाळी ती खरंच निघाली होती. प्रबंधांचा एक गठ्ठा देवळापलीकडच्या प्रोफेसरांकडे पोचवायचा होता, वाटेत अक्कांकडे डोकवू असं ठरवून ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. अक्कांच्या घराचं फाटक सताड उघडं होतं. हे जरा नवल होतं, कारण अक्का फाटकाला नेहमी आतून कडी घालायच्या; कडी काढायला त्यांना गुडघे धरत धरत यावं लागायचं आणि येताना त्या बडबडत यायच्या. फाटक उघडं आहे, म्हणजे अक्का घरात आहेत, हिंडत्या-फिरत्या आहेत, असा तिने अर्थ लावला. गठ्ठा जड होता. काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं नव्हतं. ती माघारी फिरली.

सोमवारी सकाळी दह्याच्या बाटल्या पोचवणाऱ्या बाईला अक्का स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या. शनिवारपासून पडून होत्या. डोक्यातली रक्ताची गाठ, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. शहरातल्या डॉक्टरांनी हेरिमला सांगितलं, की असं एकदम होत नाही, आधी पंधरा दिवस चक्कर येत असणार, हातातून वस्तू पडत असणार, जवळच्या कुणीतरी बघायला हवं होतं.

“पण ती तर गुरुवारी वर्गाला गेली होती,” हेरिम डॉक्टरांना म्हणाली आणि मोबाइल दाखवला.

हे नामसुकला कळलं ते हेरिमच्याच तोंडून, शहरातल्या इस्पितळाच्या जिन्यात. तिथेच सांगायला हवं होतं. पण हेरिमने तिचे दोन्ही हात धरले होते.

“मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? माझी आई शेवटच्या गुरुवारपर्यंत तुमच्यात होती, एवढाच मला आधार आहे. कशी होती हो त्या दिवशी? काय वाजवलं?”

“नेहमीचंच,” नामसुक म्हणाली. “ते जुनं, नावाड्याचं.”

“आणि शेवटचा सूर? लांबवला असेल.”

“लांबवला.”

“तुम्ही हसला असाल सगळे.”

“हो,” नामसुक म्हणाली. “हसलो.”

तीन आठवड्यांनी अक्कांना मुगोकच्याच शुश्रूषा रुग्णालयात आणलं. घर बंद करायचं होतं, म्हणून हेरिमने आवराआवरीला नामसुकला बोलावलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. हेरिम आतल्या खोलीत गाद्या बांधत होती आणि नामसुक बैठकीच्या खोलीत पुसापुशी करत होती. बुटक्या टेबलावर एक मोठं तबक होतं, वर धुतलेलं पांढरं फडकं. नामसुकने फडकं उचललं. खाली कप होते, पालथे घातलेले. तिने मोजले. नऊ. भिंतीशी बसायच्या नऊ चटया एकावर एक रचलेल्या.

वर्गातले सात, बांग सर, आणि अक्का स्वतः.

“आईकडे कुणी यायचं होतं का?” हेरिमने आतून विचारलं. “फ्रीजमध्ये तांदळाचं गोड सरबत केलेलं होतं मोठं भांडंभर. आंबून फसफसून गेलं. मी ओतून टाकलं. एकट्या बाईला एवढं कशाला?”

गुडघे धरत धरत अक्का त्या तिसऱ्या गुरुवारी तांदूळ भिजवून, गाळून, आटवून बसल्या असतील. हातातून वस्तू पडत असतील तरी नऊ कप धुतले असतील. आणि दुपारी दोन वाजता, कडी काढायला उठावं लागू नये म्हणून, फाटक उघडं टाकून कान देऊन बसल्या असतील, गल्लीच्या तोंडाशी हार्मोनिका वाजतेय का ते ऐकत. ती वाजली नाही. वाजू दिली नाही ती आपण. नामसुकला स्वतःची किळस आली. तिने फडकं परत तबकावर घातलं.

“आणि फाटक उघडं होतं म्हणे,” हेरिम बाहेर येत म्हणाली. “जन्मभर कडी घालणारी बाई. मी इतकी रागावले तिला इस्पितळात, ती नुसती बघत राहिली.” मग तिने पिशवीतून रुमाल काढून डोळे पुसले. “मावशी, एक काम करा. तो हजेरीचा कागद आहे ना तुमच्याकडे? आईच्या सहीचा. तिच्या उजव्या हातचं शेवटचं अक्षर ते. मला त्याची चांगली रंगीत झेरॉक्स काढून द्या. मी काच लावून भिंतीवर ठेवणार आहे.”

“सगळ्या कागदाची?” नामसुकने विचारलं.

“नाही हो. शेवटच्या तीन-चार सह्यांची. मोठ्या करून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच नामसुकने कागद मशीनवर पालथा घातला. असली झेरॉक्स तिने लाखांनी काढली असेल. मशीनमधून जाड, गुळगुळीत कागद सरकत बाहेर आला आणि त्यावर चार सह्या, तळहाताएवढ्या. पहिली अक्कांची. तिच्यात पेन दोनदा थांबलेलं दिसत होतं, शाईचे ठिपके पडले होते, दुसऱ्या अक्षराच्या शेवटी रेघ जराशी वर गेली होती. उरलेल्या तीन मोठ्या होत्या, वाकड्या होत्या, पण पेन कुठेच थांबलं नव्हतं. एवढं मोठं केल्यावर ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण हेरिमला दिसलं नसतं, कारण तिला आईचं अक्षर हवं होतं. ती हे भिंतीवर लावेल, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवेल. आपलं अक्षर. एक पोरगा येऊन दोन पानं मागून गेला, तिने त्याला चार दिली.

मग तिने झेरॉक्स आणि मूळ कागद दोन्ही एका पाकिटात घातले आणि दुकानाला कुलूप लावून शुश्रूषा रुग्णालयात गेली.

अक्का खिडकीकडच्या पलंगावर होत्या, पाठीशी उशी देऊन बसवलेल्या. केस कापले होते, त्यामुळे त्या कुणी दुसऱ्याच वाटत होत्या. नामसुक शहरात दोनदा जाऊन आली होती, पण दोन्ही वेळा त्यांचा डोळा लागलेला असताना. आज डोळे उघडे होते. त्या तिच्याकडे बघत होत्या.

“कालपासून एक शब्द यायला लागलाय,” हेरिम उत्साहाने म्हणाली. “आई, बोल बरं.”

“दार,” अक्का म्हणाल्या. तोंडाच्या एका कोपऱ्यातून, ओला, जड असा शब्द आला.

“हे बघा. दार लावलं तर रागावते. उघडलं तर रागावते. काय हवंय तेच कळत नाही.” हेरिमने हात पुढे केला. “आणलीत झेरॉक्स?”

“दार,” अक्का पुन्हा म्हणाल्या, नामसुककडे बघून.

नामसुकने पाकीट दिलं नाही. ती पलंगाच्या कडेशी खाली बसली, फरशीवरच, गुडघे टेकून.

“अक्का,” ती म्हणाली, “दार तुम्ही आमच्यासाठी उघडं ठेवलं होतं.”

अक्कांनी डोळे मिटले आणि मान एकदा खाली केली.

“काय चाललंय?” हेरिम म्हणाली.

“हेरिम, तुझी आई शेवटचे तीन गुरुवार वर्गाला आली नव्हती. मी तिला सगळ्यांदेखत वाईट बोलले, खानावळीवरून. म्हणून ती रुसून घरी बसली. सह्या मी केल्या. वर्ग बंद पडू नये म्हणून. तिसऱ्या गुरुवारी सगळे तिच्या दारात जायला निघाले होते, तसा आमचा रिवाज आहे, त्यांना मीच जाऊ दिलं नाही. ते नऊ कप आमचे होते. ते सरबत आमचं होतं.” एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. “आणि मी गल्लीपर्यंत आले होते. फाटक उघडं बघितलं. आत आले नाही.”

हेरिम खुर्चीत बसली. तिने मोबाइल उघडून जुने मेसेज वर-खाली केले.

“मला मेसेज आले,” ती म्हणाली. “तिन्ही.”

“माझ्या सहीवरून गेले ते.”

“मी फोन केला नाही तिला, मावशी. तीन आठवडे. मेसेज आला की मला वाटायचं, आई मजेत आहे, रविवारी करू. रविवारी पोरांचं काहीतरी निघायचं.” तिचा आवाज चढला नाही, हे नामसुकला जास्त झोंबलं. “दोन गुरुवार मेसेज आला नसता ना, तर मी आले असते. तिसऱ्या दिवशी इथे आले असते.”

“हो.”

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय तुम्ही.”

“ऐकलंय.”

“तुम्ही मला सांगितलंत, तिने नावाड्याचं गाणं वाजवलं म्हणून.”

नामसुकने मान खाली घातली. क्षमा करा असं म्हणायचं ठरवून आली होती, पण तो शब्द आता इतका लहान वाटला, की तोंडातून काढायची लाज वाटली.

पलंगावर काहीतरी खसखसलं. अक्कांनी डावा हात पुढे केला होता. बोटं पाकिटाकडे. नामसुकने हेरिमकडे बघितलं, मग पाकीट उघडून दोन्ही कागद अक्कांच्या मांडीवर ठेवले. अक्कांनी गुळगुळीत झेरॉक्स बाजूला सारली. मूळ कागद पुढे ओढला. बोट आपल्या नावावर ठेवून चौकोनांवरून हळूहळू सरकवत नेलं, दहावा, अकरावा, बारावा. तिथे थांबल्या. मग बोटं हवेत एकमेकांवर घासली.

“पेन मागतेय,” हेरिम म्हणाली. तिनेच पर्समधून काढून दिलं.

डाव्या हातात पेन धरायला अक्कांना बराच वेळ लागला. दोनदा ते चादरीवर पडलं, दोन्ही वेळा हेरिमने उचलून दिलं. नामसुकने फक्त कागद घट्ट धरून ठेवला. मग अक्कांनी बाराव्या चौकोनातल्या सहीवर एक रेघ ओढली. रेघ भरकटली, कागदाच्या कडेपर्यंत गेली. त्यांनी दम घेतला. तेराव्यावर रेघ ओढली. चौदाव्यावर ओढताना पेनाचं टोक कागदात घुसून छोटंसं भोक पडलं, तरी त्यांनी रेघ शेवटपर्यंत नेली. मग पेन सोडून दिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

“तुम्ही जा आता,” हेरिम म्हणाली.

“मी पुन्हा येऊ का?”

“मला माहीत नाही. तिला विचारा. आज नको.”

नामसुक उठली. गुडघे अवघडले होते. दाराशी पोचल्यावर तिला कळेना, की दार लावून घ्यायचं की उघडं ठेवायचं. तिने ते उघडंच ठेवलं.

केंद्राच्या ऑफिसात नोंदणीच्या टेबलाशी ओ आडनावाच्या मॅडम बसल्या होत्या. सत्राचे मूळ कागद जमा करायची मुदत त्याच दिवशी संपत होती. त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा वर केला.

“अहो, हे काय? मूळ कागद आहे हा. भोक कसं पडलं?”

“त्या तीन सह्या खोट्या आहेत. मी केलेल्या.”

ओ मॅडमनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “कशाला सांगताय? नवा कागद देते, लिहून आणा. पंधराव्या गुरुवारी एकदा सात चालून जातील, पण या तीन खोडलेल्या धरल्या तर चारदा सातच होतात. तुमचा वर्ग जाईल. लोक तुम्हाला उभं करणार नाहीत गावात.”

“माहीत आहे.”

कागदाच्या तळाशी ‘मॉनिटरचा शेरा’ म्हणून एक रिकामी ओळ असते. दर सत्राला नामसुक तिथे ‘सर्व ठीक’ असं लिहायची. तिने टेबलावरचं पेन घेतलं, उजव्या हातात धरलं आणि लिहिलं: ‘गिलजा अक्का तीन गुरुवार आल्या नव्हत्या. मला माहीत होतं. त्यांचं घर माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे.’ आणि खाली स्वतःच्या नावाची सही केली.